खांद्यावरचा पट्टा

इन्स्पेक्टर नोवाचेक यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "सतरावा प्रश्न राहिलाय तुमचा," ते म्हणाले आणि पेनही पुढे केलं.

राहिला नव्हता. गेले पंधरा दिवस मी तो रोज वाचत होते. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, सिग्नलला थांबल्यावर, एकदा तर चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पर्समधून काढून. मागील परवान्यापासून आजतागायत आपल्या वाहनात कोणाही प्रवाशाला इजा झाली आहे काय, मग ती कितीही किरकोळ असो. पुढे दोन चौकोन. आधीचे सोळा प्रश्न मी एका दमात भरले होते, कारण त्यांत लपवण्यासारखं काही नव्हतं. गाड्या दोन, चालक दोन, एक मी आणि एक क्लिओथा. दोघांची नशेची तपासणी झालेली, दोघांकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. आग विझवायचं नळकांडं आहे, पट्टा कापायची सुरी आहे. नोवाचेक वाट पाहत होते. महापालिकेच्या गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि फेब्रुवारीची थंडी बुटांतून वर चढत होती. माझ्या मागे दोन टॅक्सीवाले आणि एक घोडागाडीवाला उभे होते. आमच्या शहरात टॅक्सी, घोडागाडी आणि आमची ही भोंगा नसलेली आजाऱ्यांची गाडी, तिन्हींचा परवाना एकाच टेबलावर होतो. घोडागाडीवाला माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाला, "बाई, एवढा अवघड प्रश्न असेल तर माझ्या घोडीला विचारा, तिला बाहेर उभं करून आलोय." सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता 'नाही'च्या चौकोनात खूण करून टाकली.

खूण केली आणि कानांत एकदम शांतता झाली. खोटं बोलल्यावर छाती धडधडते म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट हात मोकळा झाला, सही तर मी नेहमीपेक्षा चांगली केली. मग पाच आठवड्यांपूर्वीचा गुरुवार आला, जसा तो दिवसातून दहा वेळा येतो. चर्च स्ट्रीटचा उतार, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा पांढरा चिखल, मागे खुर्चीत मिस्टर आयसम थ्रेडगिल. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या वस्तीत न्हाव्याचं दुकान चालवलं, माझ्या दोन्ही भावांचे पहिले केस त्यांनीच कापले. आता साखरेनं एक पाय गेला, पाठोपाठ मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी त्यांना डायलिसिसला नेते आणि परत घरी आणते. त्या दिवशी मला उशीर झाला होता, पुढची एक म्हातारी दुसऱ्या टोकाला वाट पाहत होती, आणि मिस्टर आयसम मला चिडवत होते. "नेटा, तुझ्या विगखाली डोकं आहे ना, की तेही भाड्यानं आणलंय?" मी आरशात पाहून उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात उभ्या गाडीचं दार धाडकन रस्त्यावर उघडलं गेलं. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, कोणाला काही लागलं नाही, ते दारही शाबूत राहिलं. मागे फक्त एक आवाज झाला. फार मोठा नाही. पिकलेलं कलिंगड कोणी ओट्यावर जरा जोरात ठेवावं, तेवढाच.

त्यांचं डोकं माझ्या सीटमागच्या धरायच्या दांड्यावर आपटलं होतं. आपटायला नको होतं. आमच्या धंद्यात खुर्ची गाडीत चढवली की तिला चार कोपऱ्यांना चार हूक, खाली जमिनीतल्या पट्टीत घट्ट. मग माणसाला वेगळे दोन पट्टे, एक मांडीवरून आणि एक खांद्यावरून. मिस्टर आयसमच्या हाताच्या शिरा सुयांना दाद देईनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरांनी उजव्या खांद्याच्या हाडाखाली छातीत नळी बसवली, आणि खांद्यावरचा पट्टा बरोबर त्या नळीवर यायचा. पहिल्या दिवशी ते नुसते ओठ दाबून बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, हा पट्टा पाठीमागून घे ना. इथं कोण बघतंय?" मी घेतला. खटका बसतो, गाडी कुरकुरत नाही, बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. छातीत नळी असलेल्या माणसांना आम्ही सगळेच तसं करतो. कोणी शिकवलेलं नाही, कोणी कबूलही करणार नाही. दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला दुखवायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. मी त्याला माया समजत होते, आणि अजूनही ती माया नव्हती असं मला म्हणवत नाही.

उजव्या भुवईवर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. मी गाडी बाजूला घेऊन मागे गेले, तर तेच मला समजावू लागले. "गप गं. लाटणी खाल्लीयेत या डोक्यानं, तुझा दांडा काय करणार." मी म्हटलं, नोंद करावी लागेल, चोवीस तासांत परवाना कचेरीला कळवायचं असतं. त्यांनी माझं मनगट धरलं. न्हाव्याची बोटं, अजून घट्ट. "आणि मग? तुझी गाडी उभी करतील. मग मला कोण नेणार? ती मोठी कंपनी?" त्या कंपनीचं नाव माझ्या घरात अजूनही कोणी काढत नाही. माझी आई शेवटच्या वर्षी त्यांच्याच गाडीनं जायची. एका शुक्रवारी डायलिसिस दोनला संपलं आणि गाडी सहाला आली. चार तास ती कॉरिडॉरमध्ये खुर्चीत बसून होती, पाय सुन्न, कपडे ओले, आणि मान खाली, कारण येणारे-जाणारे तिच्याकडे पाहत होते. मी कामावरून पोहोचले तेव्हा ती म्हणाली, "वॉनेटा, मला कोणी विसरलं नाही गं, त्यांना मी आठवलेच नव्हते." ती गेल्यावर वर्षभरात मी पहिली गाडी घेतली. त्या गुरुवारी मिस्टर आयसमनी टोपी भुवईवर ओढून नर्सला सांगितलं, बाथरूमच्या दाराला जरा घासलं, बस्स. मी त्यांच्या मागे खुर्चीची मूठ धरून उभी होते आणि मान हलवली.

"चला, प्रात्यक्षिक," नोवाचेक म्हणाले. त्यांनी गॅरेजमधली जुनी चाकाची खुर्ची ओढून आणली आणि स्वतःच तिच्यात बसले. साठी ओलांडलेला उंच माणूस, गुडघे वर आलेले, मांडीवर कागद लावायची पाटी. दरवर्षी ते असंच करतात, प्रवासी बनतात आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. मी गाडीची उतरती फळी खाली सोडली, खुर्ची वर चढवली, पुढचे दोन हूक, मागचे दोन, सांगाड्याला, चाकाला नव्हे. प्रत्येक पट्टा ताणून पाहिला, खुर्ची हलवून पाहिली. जमिनीतून उगवल्यासारखी ती पक्की होती. माझे हात मला आवडतात अशा वेळी, त्यांना काही सांगावं लागत नाही. मांडीवरचा पट्टा मी लावला. खांद्यावरचा ओढला, खटक्यात बसवला, मागे सरले आणि म्हणाले, "झालं."

नोवाचेक आपल्या छातीकडे पाहत होते. छातीवर काहीच नव्हतं. पट्टा त्यांच्या पाठीमागून गेला होता. त्यांच्या छातीत नळी नव्हती, त्यांना दुखत नव्हतं, त्यांनी काही मागितलंही नव्हतं. माझ्या हातांनी आपल्या आपण ते केलं होतं. मला आधी घाम आला आणि मग कळलं.

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकताना हात अडखळतो," ते शांतपणे म्हणाले. "तुमचा अडखळला नाही."

"थंडीनं बोटं बधीर झालीत."

"पुन्हा लावा."

मी पुन्हा लावला, या वेळी खांद्यावरून, छातीवरून, कमरेपर्यंत. माझी बोटं त्यांच्या कोटाच्या गुंड्यांत अडकली. ते माझ्याकडे अगदी जवळून पाहत होते. रागानं नव्हे. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, रागावलेल्या अधिकाऱ्याशी कसं बोलायचं ते मला लहानपणापासून येतं. त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि विचारलं, "सतराव्याला 'नाही' लिहिलंय ना तुम्ही?" मी म्हटलं, हो. "बरं," ते म्हणाले. उतरले, कागदावर काहीतरी लिहीत राहिले, फार वेळ. मागे घोडागाडीवाला शीळ घालत होता. मी त्यांच्या पेनाकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, आता, आता विचारतील. विचारलं तर मी सांगेन, सगळं सांगेन. त्यांनी विचारलं नाही. गाडीच्या काचेच्या कोपऱ्यातला परवान्याचा जुना कागद खरवडून नवा हिरवा चिकटवला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. "वर्षभर सांभाळा," एवढंच म्हणाले. त्या सांभाळा शब्दाचं काय करायचं ते मला कळेना.

गाडी बाहेर काढली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. क्लिओथाला फोन करून सांगितलं, तो ओरडला, संध्याकाळी चिकन आणतो म्हणाला. मी हं हं केलं. डोळ्यांसमोर हिरवा कागद आणि डोक्यात दोन आठवडे साठवलेल्या, एकमेकांशेजारी न ठेवलेल्या गोष्टी. मिस्टर आयसमचं डोकं दुखतं. गाडीत बसल्या बसल्या झोपतात, पूर्वी मला एक वाक्य धड पुरं करू देत नसत. मागच्या शनिवारी त्यांची टोपी डाव्या हातातून पडली, मी उचलून दिली, ती पुन्हा पडली. मी स्वतःला सांगितलं, वय झालं. डायलिसिसचं माणूस आहे, थकणारच. आणि त्याच दमात मला हेही माहीत होतं, कारण आईच्या वेळी नर्सनं बजावून सांगितलं होतं, की यंत्रात रक्त गोठू नये म्हणून दर खेपेला ते पातळ करायचं औषध देतात, आणि अशा माणसाचं डोकं आपटलं तर ताबडतोब कळवायचं, कारण आत रक्त हळूहळू झिरपत राहतं, आठवडे राहतं, वरून काही दिसत नाही. टेंगूळ तर चार दिवसांत बसलं. मी दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी त्यांना त्या औषधापाशी नेऊन सोडत होते. वेळेवर. आमची गाडी कधी उशिरा जात नाही, आमची तीच तर ख्याती आहे.

ते पोर्चमध्ये तयार बसले होते, कोट, मफलर, टोपी. मी पायऱ्यांपाशी गेले आणि थांबले. त्यांनी दाढी केली होती. न्हावी माणूस, आजारपणातही एक दिवस दाढी चुकवली नाही, साबण फेसाळायचा ब्रश दुकानातला, वस्तरा वडिलांचा. उजवा गाल गुळगुळीत होता, कानाच्या पाळीपर्यंत. डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच होते, हनुवटीच्या बरोबर मध्यापासून, कोणी पट्टी ठेवून रेघ मारावी तसे. अर्ध्या चेहऱ्यावर साबण वाळलेला.

"काय बघतेस?" ते म्हणाले. "देखणा माणूस पाहिला नाहीस कधी?"

"दाढी छान झालीय," मी म्हटलं.

"होणारच. हात कोणाचा आहे." त्यांनी उजवा हात डाव्या गालावरून फिरवला आणि समाधानानं खाली ठेवला. त्यांना खरंच काही वेगळं लागलं नव्हतं.

मी त्यांना चढवलं. चार हूक. मांडीवरचा पट्टा. मग खांद्यावरचा, आणि या वेळी मी हातांवर नजर ठेवली. पट्टा छातीवरून आणला. नळीवर आला तसा त्यांनी श्वास आत ओढला. "नेटा, दुखतंय." मी म्हटलं, "राहू दे आज." "अगं दुखतंय म्हणतोय ना मी." "राहू दे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख नसलेल्या बाईकडे पाहावं तसं. मी गाडी सुरू केली. मी आरशात पाहत होते, प्रत्येक खड्ड्याला त्यांचा उजवा हात वर जाऊन पट्टा छातीपासून बोटभर उचलून धरत होता. डावा हात मांडीवर पडून होता, कोणीतरी विसरून गेल्यासारखा.

"मिळाला का परवाना?" त्यांनी मध्येच विचारलं.

"मिळाला."

"मग झालं तर. मी सांगितलं होतं तुला. गप्प बसायला शिकलं की माणूस मोठं होतं."

चर्च स्ट्रीट टाळून मी लांबच्या रस्त्यानं जात होते. पुरेसा वेळ मिळावा म्हणून, पण कशाला पुरेसा ते माहीत नव्हतं. एक वाट मला दिसत होती. नर्सला म्हणायचं, हे आज जरा वेगळे वाटतायत, डावा हात बघा. गाडीचं नाव काढायचं नाही. खोटं नाही, पुरतं खरंही नाही, सगळ्यांचं निभावतं. मी ते वाक्य मनात घोकलं. पण मला मिस्टर आयसम माहीत आहेत. ते म्हणतील, रात्री हातावर झोपलो, आणि दोन विनोद करतील, आणि ती हसेल, आणि डॉक्टर राउंडला येईल तेव्हा बघू म्हणेल. तोवर ते औषध नळीतून आत गेलेलं असेल. डोकं आपटलं हे दोन शब्द आल्याशिवाय कोणी घाई करणार नव्हतं. आणि ते आले की पुढचा प्रश्न येणारच होता, कधी, कुठे. मग मी दुसऱ्या बाजूनं विचार करून पाहिला. आणखी अकरा माणसं आहेत माझ्या यादीत. माझा परवाना गेला तर ती अकरा उद्यापासून कॉरिडॉरमध्ये बसतील. अकरांसाठी एक. हा हिशेब मी केला, आणि तो बरोबर आहे असं मला वाटलंही, तेवढ्यात मागून बारीक घोरण्याचा आवाज आला. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी मोठ्यानं हाक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आं?"

डायलिसिसच्या केंद्रात आमची हद्द वजनकाट्यापर्यंत. जमिनीत बसवलेला काटा, त्यावर खुर्चीसकट माणसाला ढकलायचं, आकडा सांगायचा आणि पुढचं दार नर्सचं. त्या दिवशी मारिसेल होती, ठेंगणी, भरभर बोलणारी फिलिपिनो बाई, माझ्या आईचीही तीच नर्स होती. हातात पाटी घेऊन तिनं नेहमीची यादी सुरू केली. ताप? नाही. कुठून रक्त येतंय? नाही. दम लागतो? तुला पाहून लागतो, मिस्टर आयसम म्हणाले. ती हसली, पाटीवर खुणा करत राहिली, वर न पाहता. "पडलात, आपटलात कुठं?"

"या खुर्चीतून पडायला आधी उठता आलं पाहिजे, बाई."

"म्हणजे नाही." तिचं पेन खाली आलं.

"हो," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. चालक तिथं बोलत नाहीत. मिस्टर आयसम हळूच म्हणाले, "नेटा. गप्प बस."

"पाच आठवड्यांपूर्वी त्यांचं डोकं आपटलं," मी म्हटलं. "बाथरूममध्ये नाही. माझ्या गाडीत. खांद्यावरचा पट्टा मी मागून घेतला होता. त्यांचा डावा हात चालत नाहीये, आणि त्यांचा गाल बघ, मारिसेल, डावा गाल बघ."

तिनं पाटी काट्याच्या कठड्यावर ठेवली. खाली वाकून आपली बोटं त्यांच्या दोन्ही मुठींत दिली आणि म्हणाली, दाबा. मग जोरात म्हणाली, दाबा. मग ती सरळ उभी राहिली आणि आत कोणाला तरी ओरडून सांगितलं की आज औषध द्यायचं नाही, यंत्रही लावायचं नाही, डॉक्टरांना फोन लावा आणि रुग्णवाहिका बोलवा. माझ्याकडे वळून विचारलं, "तारीख?" मी तारीख सांगितली. "वेळ?" वेळही सांगितली. ती लिहून घेत होती, आणि मी तिच्या पेनाकडे पाहत होते. मला हलकं वाटलं नाही. लोक म्हणतात तसं काही ओझं उतरलं वगैरे नाही.

भोंगा वाजवत गाडी आली. दोन तरुण आणि एक बाई, तिघंही भराभर, माझ्याकडे लक्ष न देता. त्यांनी मिस्टर आयसमना उचलून स्ट्रेचरवर घेतलं. त्या बाईनं छातीवरचा पट्टा ओढला, नळी दिसली तशी थांबली, मारिसेलच्या ट्रॉलीवरचा हात पुसायचा लहान टॉवेल घेतला, त्याची चौपदरी घडी केली, नळीच्या बाजूला ठेवली आणि तिच्यावरून पट्टा लावला. घट्ट. "दुखतंय का, सर?" ते म्हणाले, "नाही." एवढंच होतं ते. एक टॉवेल. मी वर्षभर त्यांना आठवड्यातून सहा वेळा चढवलं-उतरवलं, माझ्या गाडीत टॉवेलांचं अख्खं कपाट आहे, आणि मला ते सुचलं नव्हतं, कारण मी पट्टा मागे टाकून मोकळी झाले होते.

स्ट्रेचर दाराकडे निघालं तेव्हा मी बाजूनं चालत गेले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, साबण वाळलेला गाल माझ्या बाजूला. "मिस्टर आयसम," मी म्हटलं. त्यांनी पाहिलं नाही.

"गुरुवारी मला न्यायला कोण येणार?" त्यांनी विचारलं.

"कोणीतरी येईल."

"ते माहितीये मला," ते म्हणाले. "कोणीतरीच येईल."